१९७८ ची थंडी, फर्ग्युसन रस्ता

पहिली जाणवते ती फरशी. पहाटे साडेपाचला तुम्ही कॉटवरून पाय खाली टाकता आणि शहाबादीचा गारठा तळव्यांतून पोटऱ्यांपर्यंत चढतो. दचकू नका. १९७८ चा डिसेंबर आहे, तुम्ही पुण्यात फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहात आहात आणि तुमचं वय अठरा आहे. जागच्या जागी दोन उड्या मारून बघा. गुडघे कुरकुरत नाहीत ना? मग चला, बादली उचला. बंबाचं पाणी संपत आलंय.

अंगावरचा स्वेटर आधी ओळखून घ्या, पुढचे दोन महिने तो निघणार नाही. आईने गेल्या हिवाळ्यात विणायला घेतला होता. पाठ आणि पोट तेव्हाच झालं, बाह्या यंदा दिवाळीनंतर जोडल्या, म्हणून बाह्यांची लोकर किंचित वेगळ्या निळ्या रंगाची आहे. मधला काळ तो ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर राहिला. नाकाशी बाही नेऊन बघा. हा वास तुम्हाला फार दिवस येणार नाही, कारण शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला हाच वास आहे.

बंबापाशी रांग लागलीय. ढलप्या ओल्या आहेत, धूर डोळ्यांत जातोय, कुणीतरी खोकत फुंकणीने जाळ करतंय. पाच जण पुढे आहेत आणि मागून एक जण ‘माझा नंबर होता रे इथे’ म्हणत टॉवेल गुंडाळून घुसू पाहतोय. त्याला घुसू देऊ नका. लवकर उठणाऱ्याला कढत पाणी, नंतरच्याला कोमट, आणि आठ वाजता डोळे चोळत येणाऱ्याला नळाचं. नळाच्या पाण्याची आंघोळ कुठे चालू आहे ते बघायला जावं लागत नाही; त्या मोरीतून गाण्याचा आवाज सगळ्यांत मोठा येतो. आंघोळ झाली की खोलीतल्या कुणाकडे तरी आमसुलाच्या तेलाचा पांढरट गोळा असतो. कोकणातल्या घरून आलेला. तो दिव्याजवळ धरून मऊ करायचा आणि ओठांना, टाचांना चोळायचा.

मुलींच्या वसतिगृहात उतरला असाल तर बंब आणि रांग तिथेही आहेच. फरक एवढाच, की संध्याकाळी ठरलेल्या वेळेला आत यायचं आहे आणि रात्रीच्या कार्यक्रमासाठी रेक्टरबाईंची सही लागणार आहे. ती कशी मिळवायची हे तुमच्या खोलीतल्या थोरल्या मैत्रिणीला पाठ आहे. तिच्याशी भांडू नका.

आता बाहेर या. कॉलेजच्या मागेच टेकडी आहे आणि पहिल्या तासाला अजून अवकाश आहे. पायवाटेवर दव पडलंय, चपलेत बोटं ओली होतात. अर्ध्यावर पोचलात की धाप लागते, मफलर सैल करावा लागतो, आणि माथ्यावर पोचेपर्यंत स्वेटर कमरेला बांधलेला असतो. खाली पुणं धुक्यात आहे. पलीकडे पर्वतीचा माथा तेवढा वर आलाय. शहर अजून बुटकं आहे आणि झाडांमध्ये बसलंय. हजारो चुलींचा, बंबांचा धूर वर येऊन धुक्यात मिसळतो, त्याचा वास इथवर येतो. दोन पोरं परीक्षेची उजळणी करायला वर आली आहेत. पुस्तक उघडं आहे आणि गप्पा गावसकरच्या चालल्या आहेत.

गावसकरचं प्रकरण गंभीर आहे. वानखेडेवर वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी चालू आहे आणि सबंध कॅंटीन एका ट्रान्झिस्टरभोवती गोळा झालंय. ट्रान्झिस्टर चामडी वेष्टणातला, त्याची एरियल अमुक एका कोनात धरली तरच आवाज येतो, म्हणून एक जण गेला तासभर हात वर करून उभा आहे. त्याला चहा दुसराच पाजतो. दोनशे झाल्याचं ऐकू येतं तेव्हा टेबलं वाजतात, बशा पडतात, आणि वरच्या वर्गातून प्राध्यापक कठड्यापाशी येतात. रागावतील असं वाटतं. ते फक्त विचारतात, ‘किती झाले?’ पुढे २०५ वर तो बाद होतो आणि कॅंटीन एकदम रिकामं होतं. एरियलवाल्याचा हात मात्र अजून खाली येत नाही, इतका आखडलाय.

थंडी पडली की कॉलेजचा नकाशा बदलतो हे तुमच्या लवकरच ध्यानात येईल. एरवी सावली बघून बसणारी पोरं आता उन्हाच्या पट्ट्याबरोबर सरकतात. सकाळी नऊला एका पायरीवर, दहाला शेजारच्या कट्ट्यावर, अकराला झाडाच्या पलीकडे. कुणाला शोधायचं असेल तर घड्याळ बघायचं, ऊन कुठे आलं असेल याचा अंदाज करायचा आणि तिकडे जायचं. पाठ दगडी भिंतीला टेका. दगड तापलाय, ती ऊब स्वेटरमधून हळूहळू आत येते, आणि तेवढ्यात तासाची घंटा होते. उठवत नाही ना? कुणालाच उठवत नाही. एक जण जातो आणि पाच जणांची हजेरी लावून येतो.

फाटकाबाहेर पेरूवाला आहे. बघा तो पेरू कसा कापतो ते. चार चिरा देतो, पण बुडाशी जोडलेल्या ठेवतो. मग अंगठ्याने चिरा फाकवून आत तिखट-मीठ भरतो आणि पुन्हा मिटवून हातात देतो. पहिल्या घासाला फुटलेले ओठ चरचरतात. शेजारच्या टोपलीत आवळे आहेत, चण्यामण्या बोरं आहेत, डहाळ्यासकट ओला हरभरा आहे. हरभऱ्याची जुडी घेऊन कॉफीला जाऊ नका, ‘वैशाली’तल्या टेबलावर टरफलं पडलेली कुणाला आवडत नाहीत. तिथे दोन कॉफी सांगायच्या आणि चौघांत प्यायच्या. वेटर न बोलता दोन रिकामे पेले जास्तीचे आणून ठेवतो.

एवढ्यात तुमच्या लक्षात येईल की वर्ग अर्धे रिकामे आहेत आणि हार्मोनियमचा आवाज नको तिथून येतोय. गॅदरिंग जवळ आलंय. या दिवसांत पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात शिरा, हेच चाललेलं असतं. जीएस, म्हणजे जनरल सेक्रेटरी, पावतीपुस्तकं घेऊन पळतोय. एलआर, म्हणजे मुलींची प्रतिनिधी, कुणाच्या तरी मावशीच्या नऊवारी साड्या गोळा करतेय आणि प्रत्येकीच्या पदरावर नावाची चिठ्ठी टाचतेय, कारण मागच्या वर्षी दोन साड्यांची अदलाबदल झाली. एका वर्गात बाकं भिंतीला लावून एकांकिकेची तालीम चालू आहे. वर्षभर ज्यांना बघून तुम्ही वाट बदलता ते सर मफलर गुंडाळून जमिनीवर मांडी घालून बसले आहेत आणि खलनायकाला सांगत आहेत, ‘अरे, दरडावू नकोस, हळू बोल. हळू बोललास की जास्त भीती वाटते.’ गेल्या चार महिन्यांत ते स्वतः कसं बोलतात हे आठवून तुम्हाला पटतं.

संध्याकाळी मांडवात या, आणि लवकर या. बसायला जागा धरण्यासाठी रुमाल ठेवण्याची पद्धत आहे, पण एका रुमालावर चार जण हक्क सांगतात. शेवटी एका खुर्चीवर दोघं, दोघांच्या मांडीवर तिसरा. कनातीच्या खालून वारा शिरतो. गंमत अशी की घोट्यापर्यंत तुम्ही गारठलेले असता आणि मानेपासून वर घामाघूम. शेकडो स्वेटरांतला डांबरगोळ्यांचा वास, खोबरेल, पावडर, भाजक्या शेंगांचा खमंगपणा, सगळं त्या पिवळ्या दिव्यांखाली एक होऊन जातं. पायांखाली टरफलं चुरचुरतात. मागच्या रांगांतून कागदी बाण सुटतात. एक तुमच्या केसांत अडकतो. मायक्रोफोन किंचाळतो, ‘हॅलो, वन टू थ्री’ होतं, आणि पडदा उघडायच्या ऐवजी एका बाजूने नुसताच फुगतो. मांडव आनंदाने ओरडतो. पडद्यामागून एक हात बाहेर येतो, दोरी ओढतो, हाताला टाळ्या मिळतात.

नाच होतात, नकला होतात. एक मुलगी भावगीत गायला उभी राहते आणि मागची पोरं हुर्यो करायला तयार बसलेली असतात. ती पेटीवाल्याकडे बघून मान हलवते, त्याला पट्टी उतरवायला सांगते, आणि सावकाश, कुणाची पर्वा न करता सुरुवात करते. हुर्यो येत नाही. दुसऱ्या कडव्याला मागून ‘वन्स मोअर’ येतो, आणि तो खरा असतो. हा मांडव निर्दय आहे, पण त्याला गाणं कळतं.

मग शेलापागोटे. याच्यासाठी सगळे थांबलेत. गेले पंधरा दिवस नोटीस बोर्डाखाली खोकं ठेवलेलं होतं, त्यात ज्याला जे वाटेल ते लिहून टाकायचं, नाव न घालता. आता ते खोकं रंगमंचावर आहे आणि एक सीनियर हात घालून चिठ्ठ्या काढतोय. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने उभं राहायचं, हा नियम प्राचार्यांनाही लागू. इतिहासाच्या सरांची निघते: ‘ज्यांच्या नोट्स आमच्या वडिलांच्या वहीतही सापडतात, अशा सरांना.’ सर उठतात, चारी दिशांना नमस्कार करतात आणि म्हणतात, ‘वडिलांना म्हणावं, पास झालात ना?’ मांडव कोसळायचा बाकी राहतो.

आणि मग तुमचं नाव.

हो, तुमचंच. ‘रोज पहिल्या तासाला सायकल पंक्चर झाली म्हणणाऱ्या आणि अजून सायकलच न घेतलेल्या…’ पुढचं ऐकूच येत नाही. शेजारचे दोघं बगलेत हात घालून तुम्हाला उभं करतात. शेकडो माना वळल्या आहेत. थंडीने बधिर झालेले कान एकाएकी इतके तापतात की हात लावून बघावासा वाटतो. हसू येतंय, पळून जावंसंही वाटतंय. पण काय झालं ते उद्या सकाळी कळेल. ज्या मुलामुलींशी सहा महिने नजरसुद्धा मिळाली नव्हती, ते फाटकात विचारतील, ‘काय, सायकल घेतली का?’ आता तुम्ही या कॉलेजचे झालात.

सगळ्याच चिठ्ठ्या अशा नसतात. काही कुणाच्या रंगावर असतात, कुणाच्या उंचीवर, कुणाच्या गरिबीवर. त्या सीनियरकडे नीट बघा. तो चिठ्ठी उघडतो, क्षणभर वाचतो, ‘हे अक्षर लागत नाही’ म्हणतो आणि खिशात घालतो. आज रात्री त्याने असं तीन-चारदा केलंय. मला विचाराल तर गॅदरिंगचं पहिलं बक्षीस त्याला द्यायला हवं.

त्याच महिन्यात एका रात्री मफलर, कानटोपी, शाल, जे असेल ते घेऊन चालत निघा. सवाई गंधर्व महोत्सव आहे, रेणुका स्वरूप शाळेच्या पटांगणावर. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा उत्सव आता अख्ख्या गावाचा झालाय आणि गाणं रात्रभर चालतं. तिकिटाचे पैसे असतील तर आत भारतीय बैठकीवर जागा मिळवा. नसतील तर बाहेर भिंतीला टेकून बसा. तिथेही गर्दी आहे, आणि तिथल्या माना जास्त जोरात हलतात. एका घोंगडीखाली चौघं बसा. मध्यरात्रीनंतर डोळे मिटायला लागतील, मिटू द्या. अर्धवट झोपेत तंबोरे ऐकू येतात, तबल्याची थाप छातीत लागते, आणि तुम्ही जागे होता तेव्हा राग बदललेला असतो. पहाटेचा गारठा आता खरा टोचतोय. शेवटी स्वतः भीमसेनजी बसतात. आवाज लागतो आणि घोंगडीतले चौघंही ताठ होतात, कुणी कुणाला उठवावं लागत नाही.

उजाडताना बाहेर पडलात की पाय आपोआप अमृततुल्यकडे वळतात. रस्त्यावर अजून कुणी नाही, फक्त स्टोव्हचा फरफराट आणि खलबत्त्यात आलं-वेलची ठेचल्याची टणटण. पितळी पातेल्यात चहा उकळतोय. फडक्यातून गाळून तो कपात येतो तेव्हा वाफेने चष्मा पांढरा होतो. कप दोन्ही हातांत धरा, लगेच पिऊ नका, आधी बोटं परत येऊ द्या. तेवढ्यात शेजारचे एक आजोबा तुम्हाला विचारतील, ‘तो निषाद ऐकलात?’ तुम्ही तेव्हा झोपला होतात. तरी मान हलवा. ते खूश होऊन तुमच्या चहाचे पैसे देतील.

जानेवारी लागतो. पटांगणावर एनसीसीच्या बुटांचा आवाज सुरू होतो, सव्वीस तारखेची तयारी. त्याआधी मात्र संक्रांत आहे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचं कॉलेज बघण्यासाठी मी वाटेल ते देईन. मुली काळ्या साड्या नेसून येतात. एरवी सणाला वर्ज्य असलेला काळा रंग या एका सणाला हौसेने घालायचा, तो थंडीत ऊब धरतो म्हणून, असं घरी सांगतात. काळ्या साड्यांचा घोळका उन्हात उभा असतो आणि प्रत्येकीच्या हातात डबा. पोरांच्या खिशात कागदाची पुडी. तिळाचे लाडू घट्ट आहेत, दात लावताना विचार करा. काटेरी हलवा मात्र तळहातावर घेऊन बघा. पांढरे, गुलाबी, पिवळे दाणे, प्रत्येकाला बारीक काटा फुटलेला. तो काटा असा येत नाही. शेगडीवरच्या परातीत तीळ घ्यायचे, त्यावर चमच्याने साखरेचा पाक थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं, तासन् तास. कुणाची तरी आजी त्यासाठी शेगडीपुढे बसून राहिली होती, आणि तुम्ही तो मूठभर एकदम तोंडात टाकताय. सावकाश.

आजच्या दिवशी कुणालाही थांबवता येतं. हेच आजचं मोठेपण. जूनपासून जिच्याशी, ज्याच्याशी बोलायचं मनात आहे आणि निमित्त सापडलं नाही, त्या व्यक्तीपुढे जाऊन पुडी पुढे करायची आणि ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणायचं. नाही म्हणता येत नाही, रीतच तशी आहे. ऑक्टोबरात नोट्सवरून भांडलेले दोघे मित्र जिन्यात समोरासमोर आले आहेत, बघा. दोघांच्याही हातात पुडी आहे आणि दोघंही दुसऱ्याने आधी उघडावी म्हणून थांबलेत. मागून येणाऱ्या मुलींचा जिना अडलाय. शेवटी एक म्हणतो, ‘घे रे, गाढवा.’ दुसरा दोन लाडू उचलतो. जिना मोकळा होतो.

महिना सरता सरता एनएसएसचं शिबिर लागतं. एसटीच्या टपावर घमेली, फावडी, आत तुम्ही. गावच्या शाळेच्या ओसरीवर सतरंज्या घालून मुक्काम. सकाळी रस्त्याचं खोदकाम. पहिल्या दिवशी हाताला फोड येतात, तिसऱ्या दिवशी ते मिरवता येतात. गावातल्या बायका बांधावर उभ्या राहून तुमचं फावडं धरणं बघतात आणि हसून हसून पदर तोंडाला लावतात. त्यातलीच एक खाली उतरून ‘आसं न्हाई, हिकडं आण’ म्हणत दाखवते, आणि तिच्या हातात तेच फावडं हलकं होतं.

संध्याकाळी ज्यांच्या शेतातून रस्ता जातोय ते पाटील हुरड्याला बोलावतात. जमिनीत उकरलेली आगटी, त्यात गोवऱ्यांचा निखारा, आणि निखाऱ्यात खुपसलेली ज्वारीची कोवळी कणसं. भाजलेलं कणीस पाटील उचलतात आणि तळव्यांत धरून चोळतात. चटका त्यांना लागत नाही. हिरवे, टपोरे दाणे तुमच्या ओंजळीत पडतात, त्यांत थोडी राख, थोडा कोंडा. फुंकर मारा. लसणाची चटणी, दही, गुळाचा खडा. दाणे मऊ आहेत, दुधाळ आहेत, त्यांना धुराची चव आहे. पाठ गारठलीय, चेहरा भाजतोय, म्हणून अधूनमधून सगळे उठून आगटीकडे पाठ करून बसतात आणि पुन्हा वळतात. गाण्याच्या भेंड्या सुरू होतात. ‘ठ’ आला की गाडी अडते आणि पाटलांची म्हातारी आई अंधारातून एक ओवी म्हणते, ‘ठ’वरून सुरू होणारी. ती मान्य करायची की नाही यावर दोन्ही बाजू एकदम म्हणतात, मान्य.

पुढे फार थांबू नका. फेब्रुवारीत परीक्षेचे फॉर्म लागतात, उन्हाच्या पट्ट्यातून लोक उठून सावलीत जायला लागतात, आणि एका दुपारी स्वेटर खुर्चीच्या पाठीवर राहतो तो राहतोच. परतीची वाट तीच आहे, फर्ग्युसन रस्त्याने.

परत आलात की एक काम करा. त्या जिन्यातला तुमचा गाढव अजून कुठेतरी आहे. येत्या संक्रांतीला त्याला तिळगुळाचं चित्र पाठवू नका. डबा भरा, पत्ता शोधा आणि त्याच्या दारात उभे राहा. रथसप्तमीपर्यंत मुदत असते.